ट्रंकभर कार्डं, पंधरा हजार आणि एक बिननावाचा खेळाडू

चव्वेचाळीस वर्षांचे एक नागपूरकर वाचक लिहितात: महाल या वस्तीतलं आईचं घर आवरताना लहानपणीची पत्र्याची ट्रंक सापडली. आत बिग फन गमच्या पुडीतून निघालेली क्रिकेटपटूंची चित्रं, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांच्या ट्रम्प कार्डांचे संच, १९९० ते ९२ च्या दरम्यान अमेरिकेतल्या मामांनी दोघा भावांना पाठवलेली बेसबॉल-बास्केटबॉलची सातेकशे कार्डं, आणि वरून मुलाने टाकलेली आयपीएलची कार्डं. एका वहीत १९८७ च्या विश्वचषकातल्या नागपूरच्या सामन्याचं तिकीटही निघालं. एका कार्डाला शंभर कोटी मिळाल्याचा व्हिडिओ पाहून त्यांनी संग्राहकांच्या एका फेसबुक ग्रुपवर फोटो टाकले. एकाने सगळ्या ट्रंकेचे पंधरा हजार देऊ केले, पण ‘रविवारपर्यंत सांगा’ म्हणाला. बायको म्हणते, देऊन टाका, जागा तरी होईल. पुण्याचा मोठा भाऊ म्हणतो, अर्धा हिस्सा माझा. वाचकांना स्वतःला वाटतं की सगळी कार्डं आधी अमेरिकेत पाठवून तिथल्या कंपनीकडून त्यांना दर्जा (ग्रेडिंग) लावून घ्यावा आणि मग ऑनलाइन विकावीत. जूनमध्ये मुलीच्या अकरावीच्या क्लासची फी भरायची आहे. ‘घाई केली तर फसेन, थांबलो तर मूर्ख ठरेन. काय करू?’

प्रिय भाऊ,

तुमच्या लांबलचक पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलं आहे: ‘(तसा तो माणूस चांगला वाटतो, फक्त एका बेसबॉलच्या कार्डाच्या पाठीचा फोटो त्याने दोनदा मागवला. त्यावर खेळाडूचं नाव छापायचंच राहिलंय.)’ अख्ख्या ट्रंकेचा सौदा करायला आलेल्या माणसाला एकाच कार्डाची पाठ दोनदा कशाला बघायची असते? त्या कार्डाकडे मी येते. आधी बाकीच्यांचं बोलू, कारण तिथे तुमची थोडी निराशा होणार आहे.

शंभर कोटींचा आकडा खोटा नाही. मिकी मँटल या बेसबॉलपटूचं टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलं. पण त्यावरून तुम्ही काढलेला ‘जुनं म्हणजे महाग’ हा अर्थ टिकत नाही. त्या संचाची न खपलेली खोकी कंपनीने पुढे समुद्रात बुडवली अशी हकिगत सांगतात. जी लोकांच्या हातात गेली ती पोरांनी खेळून झिजवली, आयांनी रद्दीत दिली. धडधाकट राहिलेले नग फारच थोडे. याउलट इंग्लंडच्या जॉन प्लेयर या सिगारेट कंपनीने १९३८ मध्ये काढलेला पन्नास क्रिकेटपटूंचा संच बघा. मँटलच्या कार्डापेक्षा चौदा वर्षांनी जुना, त्यात साक्षात ब्रॅडमन, तरी अख्खा संच आपल्यासारख्यांना परवडेल अशा भावात आजही मिळतो. छापला भरपूर आणि लोकांनी जपलाही भरपूर.

मामांनी पाठवलेली कार्डं, सांगायला वाईट वाटतं, नेमकी चुकीच्या वर्षांतली आहेत. १९८० च्या दशकात जुन्या कार्डांच्या किमतींच्या बातम्या पसरल्या, तसे अमेरिकेतले लोक नवी कार्डं गुंतवणूक म्हणून खोक्यांनी घेऊन ठेवायला लागले. टॉप्स, फ्लीअर, डॉनरस, स्कोअर, अपर डेक या कंपन्यांनी मग छापताना हात आखडता घेतला नाही. त्या वर्षांची न फोडलेली पाकिटं अजूनही तिथल्या माळ्यांवर पडून आहेत, आणि तिथले संग्राहकच त्याला कचऱ्याचा काळ म्हणतात. तुमच्याकडे बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनची कार्डं आहेत म्हणता, पण ज्याच्यासाठी लोक लाखो रुपये मोजतात ते जॉर्डनचं कार्ड १९८६-८७ च्या फ्लीअर संचातलं. १९९०-९१ ची त्याची साधी कार्डं थोडक्या डॉलरांत मिळतात.

आता तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या किमती. त्या विक्रेत्यांनी मागितलेल्या आहेत, त्यांना मिळालेल्या नाहीत. बर्डीच्या बाजारात शर्टाला हजाराचं लेबल लावलंय म्हणून आपण हजार देतो का? ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर शोध घेताना ‘सोल्ड आयटम्स’ची खूण लावा. मग गेल्या तीनेक महिन्यांत खरोखर विकल्या गेलेल्याच वस्तू दिसतात. तिथे खरेदीदाराने घासाघीस करून घेतलेला भाव लपलेला असतो, तो ‘१३० पॉइंट’ या संकेतस्थळावर दिसतो. कार्डाच्या पाठीवरचं वर्ष, कंपनी आणि क्रमांक हे तिन्ही जुळले पाहिजेत. एकच विक्री बघून थांबू नका, पाच-सहा बघा, आणि सगळ्यात वरची सोडून द्या. ज्या कार्डाच्या विक्र्या सापडतच नाहीत ते दुर्मिळच असेल असंही नाही, बहुतेक वेळा ते कोणालाच नको असतं.

बिग फनच्या चित्रांचा मामला वेगळा आहे. मागे रन नाहीतर विकेट छापलेल्या असायच्या आणि ठरावीक जमल्या की बदल्यात पुस्तक मिळायचं. म्हणजे ज्यांनी मन लावून जमवली त्यांनीच ती देऊनही टाकली. या चित्रांना अमेरिकेत कोणी विचारणार नाही. त्यांचा गिऱ्हाईक भारतातच आहे, तुमच्याच वयाचा आहे आणि त्याला ती आठवण म्हणून हवी आहेत. म्हणून सुटी विकण्यापेक्षा भारतीय संग्राहकांच्या ग्रुपवर, शक्य तितका पूर्ण संच करून, दोन्ही बाजूंचे फोटो टाकून विका. फार पैसा येणार नाही, पण लोक प्रेमाने घेतील. ट्रम्प कार्डांमध्ये मात्र जास्त जीव अडकवू नका. छाती, बायसेप्स, जिंकलेल्या लढती, रँक असे आकडे लिहिलेले ते संच कोण छापायचं याचा अनेकदा पत्ताच नसायचा, आणि आपण पोट्ट्यांनी ते इतके पिसले की कोपरे गोल झालेत. पूर्ण संच मूळ डबीसकट असेल तरच बाजूला काढा.

आयपीएलची कार्डं तुमची नाहीत, ती मुलाची आहेत. तुम्ही त्यांचाही हिशेब पंधरा हजारांत धरलाय. त्याला विचारलंत का? अकरा वर्षांच्या मुलाचा संग्रह वडिलांनी परस्पर विकला तर ते तो चाळीस वर्षांनी कुठल्यातरी सल्ल्याच्या सदराला लिहून पाठवेल. त्यापेक्षा त्याला या कामात घ्या. तुमच्यापेक्षा त्याला चमकत्या कार्डांतला फरक लवकर कळतो, आणि सातशे कार्डांची यादी करायला हाताशी माणूस हवाच आहे.

मग दर्जा लावून घेण्याची गोष्ट. पीएसए ही कंपनी १९९१ पासून हे काम करते, बेकेट आणि एसजीसी याही नावाजलेल्या. कार्डाचे चार कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र चौकटीच्या किती मधोमध छापलं आहे हे तपासून १ ते १० गुण देतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. यात दोन गोष्टी लोक विसरतात. एक, साध्या कार्डाला गुण लावल्याने ते दुर्मिळ होत नाही. त्याच वर्षांतल्या लोकप्रिय कार्डांना दहापैकी दहा मिळालेले नग हजारांनी आहेत. दोन, स्वस्तातली सेवासुद्धा दर कार्डामागे वेगळे डॉलर घेते. त्यात जायचं-यायचं टपाल, विमा आणि परत येताना कस्टमची भानगड मिळवा. सातशे कार्डं पाठवाल तर मुलीच्या क्लासची फी नव्हे, तिच्या कॉलेजचीही फी अमेरिकेत पाठवून बसाल. माझं मोजमाप साधं आहे: गुण सात-आठच मिळाले असं धरून, तेवढ्या गुणांच्या कार्डाच्या खऱ्या विक्र्या बघा. त्यातून सगळा खर्च वजा जाऊन मूळ सुट्या कार्डापेक्षा दुप्पट तरी उरत असेल तर पाठवा. दहाच्या आशेवर पाठवू नका. तुमच्या वर्णनावरून कार्डांना तीस वर्षं रबर लावलेलं होतं. वरचं आणि खालचं कार्ड तर गेलंच, मधल्यांच्या कडांवरही खाच पडलेली असते.

आणि कृपा करून काहीही साफ करू नका. ओलं फडकं, खोडरबर, इस्त्री, कडा सरळ करायला कात्री, यातलं काहीही केलेलं तपासणाऱ्याला कळतं. तुम्ही ‘चांगली कार्डं लॅमिनेट करून घेऊ का’ असं विचारलंत. अजिबात नको. लॅमिनेशन झालं की संग्राहकाच्या दृष्टीने कार्ड संपलं.

आता तो बिननावाचा खेळाडू. पत्रावरून मी खात्रीने काही सांगू शकत नाही, पण तपासायचं काय ते सांगते. कार्डाच्या पाठीवर टॉप्स, १९९० आणि ४१४ हा क्रमांक आहे का? नाव फ्रँक थॉमस आहे का? पुढे तो ऑबर्न या कॉलेजच्या गणवेशात दिसतो का, आणि खालची नावाची पट्टी कोरी आहे का? हे सगळं जुळलं तर कार्ड हातात घेणं थांबवा. त्या वर्षीच्या छपाईत काही तावांवर काळी शाई नीट उमटली नाही आणि या खेळाडूचं नाव गाळलेले थोडे नग बाहेर पडले. थॉमस पुढे शिकागो व्हाइट सॉक्स या संघाचा मोठा फलंदाज झाला, २०१४ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. नाव असलेलं त्याचं तेच कार्ड किरकोळ भावात मिळतं, नाव नसलेल्याला चांगल्या स्थितीत हजारो डॉलर मिळतात. म्हणूनच नाव खरवडून, घासून काढलेली बनावट कार्डंही फिरतात. तुमच्या कार्डावरचं नाव उन्हाने किंवा घासून गेलं असण्याचीही शक्यता आहे. भिंगाने पट्टीकडे तिरकं बघा. तिथली चकाकी आजूबाजूपेक्षा वेगळी, खरबरीत दिसली तर आशा सोडा. दिसली नाही, तर हे एकच कार्ड असं आहे की ज्याला दर्जा लावणं योग्य, कारण अस्सलपणाचा दाखला असल्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक पूर्ण पैसे देणार नाही. आणि पाठीवर दुसराच क्रमांक निघाला तर सोल्डच्या यादीत तोही बघा, मगच काय ते ठरवा.

तो ग्रुपवरचा माणूस म्हणजे लबाड, असा निष्कर्ष मात्र मी काढत नाही. व्यापारी माणूस सगळा ढीग उचलतो तेव्हा त्यातलं बरंचसं त्याच्या घरी पडून राहणार असतं. सुट्या विक्रीच्या भावाच्या निम्म्यानेही त्याने मागितलं तर ती लूट नव्हे. बिननावाचं कार्ड वगळता, तुम्ही लिहिलेल्या मालाला पंधरा हजार हा भाव मला उलट चांगलाच वाटतो. शंका फक्त रविवारच्या मुदतीची आहे. तीस वर्षं ट्रंकेत राहिलेली कार्डं सोमवारी नासत नाहीत.

दादांच्या हिश्शाबद्दल तुम्ही चिडून लिहिलंय की ‘त्याने कधी ढुंकून पाहिलं नाही’. पण पाकिटं मामांनी दोघांच्या नावाने पाठवली होती, हे वाक्यही तुमचंच आहे. शिवाय ते तिकीट बघा. ३१ ऑक्टोबर १९८७, सिव्हिल लाइन्सचं व्हीसीए मैदान, भारत विरुद्ध न्यूझीलंड. चेतन शर्माची विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक आणि गावसकरांचं एकदिवसीय सामन्यातलं एकमेव शतक, नाबाद १०३, अवघ्या ८८ चेंडूंत. तुम्ही लिहिलंय की बाबा त्या दिवशी दादांना घेऊन गेले होते, तुम्ही लहान म्हणून घरी राहिलात. मग ते तिकीट ट्रंकेच्या सौद्यात आलंच कसं? अशा सामन्यांच्या तिकिटांनाही संग्राहक असतात, पीएसए तिकिटांनाही दर्जा देते, तेव्हा त्याला काही किंमत येईलही. पण ते विकायचं की नाही हे ठरवायला तुमच्याआधी दोन माणसं आहेत, आई आणि दादा. त्यांना फोन करा, आणि हिश्शाचं बोलणं यादी झाल्यावर करा. कोऱ्या कागदाचे दोन भाग करताना भावांची भांडणं होतात, आकडे समोर असले की बहुतेक वेळा एक जण ‘जाऊ दे, तूच ठेव’ म्हणतो. नाही म्हणाला तरी भांडण निदान खऱ्या रकमेवर होईल.

विकताना काय सांभाळायचं ते इतर वाचकांसाठीही सांगते, कारण अशा ट्रंका आणि सुटकेसबद्दल मला बरीच पत्रं येतात. फोटो दिवसाच्या उजेडात, कार्ड सपाट ठेवून, पुढून आणि मागून काढा. बाजूला तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा म्हणजे तुमचे फोटो दुसरा कोणी आपले म्हणून वापरणार नाही. घडी, डाग, पेनाची खूण असेल तर ती स्वतःहून दाखवा, नंतरची कटकट वाचते. ज्या दोन-चार कार्डांत दम आहे त्यांचे फार मोठे, स्पष्ट फोटो सौदा ठरेपर्यंत उघड टाकू नका.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट डोक्यात पक्की करा: यूपीआयवर पैसे घ्यायला ना क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. समोरचा तसं करायला सांगतोय म्हणजे तो पैसे देत नाही, काढून घेतोय. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट किंवा एसएमएस पुरावा धरू नका, बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसल्यावरच पार्सल निघेल. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ ही तर जुनी युक्ती. फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

पार्सल करताना कार्ड आधी पातळ पारदर्शक पाकिटात, मग कडक प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये (त्याला टॉपलोडर म्हणतात), मग दोन पुठ्ठ्यांच्या मधे, आणि वर पाण्यापासून वाचवणारं प्लॅस्टिक. चिकटपट्टी कार्डाच्या पाकिटाला थेट लावू नका. बांधताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा आणि जीपीओतून स्पीड पोस्टने, किमतीप्रमाणे विमा उतरवून पाठवा.

परदेशात विकणं मला तुमच्या बाबतीत फायद्याचं दिसत नाही. ईबेचं भारतातलं संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झालं. इथला विक्रेता आजही त्यावरून बाहेर विकू शकतो, पण त्यासाठी आयात-निर्यात कोड, कस्टमचे कागद, संकेतस्थळाचं कमिशन, हे सगळं आलं. त्यात अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी थांबवली. दोन डॉलरच्या बेसबॉल कार्डासाठी हा खटाटोप कोण करेल? थॉमसचं कार्ड अस्सल वाटलं तरच मामांच्या घरच्यांशी बोला. त्यांच्याकडे जाणाऱ्या कोणाच्या हातबॅगेतून ते गेलं, तिथेच दर्जा लागला आणि तिथेच विकलं गेलं, तर निम्मी डोकेदुखी कमी होते. मोठी रक्कम आली तर करासाठी सीएला विचारा, अंदाजाने काही ठरवू नका.

वहिनींना ट्रंक अडचण वाटते त्यात त्यांचं काय चुकलं? सातशेपैकी साडेसहाशे कार्डं बुटाच्या एका खोक्यात मावतील, ट्रंक रिकामी करून द्या. मात्र ते खोकं कूलरच्या खोलीत ठेवू नका. आपल्याकडे मार्च-एप्रिलपासून कूलर लागला की त्या खोलीतल्या वह्यांची पानंसुद्धा ओलसर होतात, कार्डं तर कमानीसारखी वाकतात. गच्चीखालचा माळाही नको, मे महिन्यात तिथे भट्टी असते. आतल्या खोलीतलं लाकडी किंवा लोखंडी कपाट, मधला कप्पा, बस.

आणि फीचा हप्ता या कार्डांवर अवलंबून ठेवू नका. नीट विकायला काही महिने लागतील, जूनची तारीख तुमच्यासाठी थांबणार नाही. क्लासवाल्यांशी हप्त्यांचं आजच बोला. कार्डांचे पैसे येतील तेव्हा येतील. फीसाठी लागणारी घाई समोरच्या गिऱ्हाइकाला बरोबर कळते, आणि तुम्ही त्याला फीचं सांगूनही बसला आहात असं दिसतं.

तर आता त्या गृहस्थांना असा निरोप पाठवा: ‘बेसबॉलचं बिननावाचं एक कार्ड, १९८७ चं तिकीट आणि आयपीएलची कार्डं वगळून बाकी सगळं द्यायची तयारी आहे. भावाशी बोलून पंधरा दिवसांत सांगतो. एवढ्या मालाचे किती द्याल?’ ते बारा-तेरा हजार म्हणाले तर माणूस सरळ आहे, दादांना विचारून देऊन टाका. दोन हजारांवर आले किंवा एकदम गप्प झाले, तर भिंग घेऊन ४१४ क्रमांक पुन्हा एकदा तपासा.